नदीचं घड्याळ बघून पाणी मोजा: मराठवाड्यातल्या शाळांसाठी नदी-निरीक्षणाची पद्धत

काही वर्षांपूर्वी आमच्या नववीच्या मुलांनी डिसेंबर ते एप्रिल असे पाच महिने गोदावरीच्या पाण्यातला ऑक्सिजन मोजला. फेब्रुवारीपर्यंत आकडे चांगले होते, मार्चपासून एकदम कोसळले. उन्हाळा लागला, शहराचं सांडपाणी तेवढंच राहिलं आणि नदीचं पाणी कमी झालं, म्हणून ऑक्सिजन घटला, असा अहवाल मुलांनी मन लावून लिहिला. मला तो पटला होता. वही पुन्हा चाळताना एका मुलीने विचारलं, "सर, मार्चपासून आपली सकाळची शाळा सुरू झाली ना?" तेव्हा लक्षात आलं की आधीच्या सगळ्या नोंदी दुपारी दोनच्या होत्या आणि नंतरच्या सकाळी सातच्या. शेवाळ असलेल्या पाण्यात दुपारी ऑक्सिजन भरपूर असतो आणि पहाटे अगदी कमी, मग महिना कुठलाही असो. पाच महिने आम्ही नदीऐवजी शाळेचं वेळापत्रक मोजत होतो.

हा लेख त्या चुकीतून आलेला आहे. गोदावरी, मांजरा, पूर्णा, दुधना, बिंदुसरा, कयाधू, तेरणा, खाम, कुंडलिका, यांपैकी कुठल्याही नदीच्या काठी शाळा असेल तर एक शिक्षक आणि दहा-पंधरा मुलं मिळून वर्षभर नदीचं आरोग्य तपासू शकतात. साहित्य फार महाग नाही. शिस्त मात्र लागते.

आधी नदीचं घड्याळ समजून घ्या

कोकणातल्या खाडीकाठच्या शाळेला हे काम करायचं असेल तर ती आधी भरती-ओहोटीचं वेळापत्रक काढते. साधारण साडेबारा तासांत तिथे पाणी एकदा चढून उतरतं, खारेपणा बदलतो, प्रवाहाची दिशासुद्धा उलटते. भरतीला घेतलेला नमुना आणि ओहोटीला घेतलेला नमुना शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, हे तिथल्या मुलांना पहिल्याच दिवशी कळतं.

आपली गंगा, म्हणजे गोदावरी, भरतीला भेटते ती थेट आंध्रात, समुद्राजवळ गेल्यावर. म्हणून आपल्या नदीला असं काही घड्याळ नाही अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात दोन घड्याळं आहेत.

पहिलं सूर्याचं. उजेडात शेवाळ आणि पाणवनस्पती ऑक्सिजन तयार करतात, रात्री सगळेच जीव तो वापरतात. म्हणून सूर्योदयाच्या आधी ऑक्सिजन सर्वांत कमी आणि दुपारी दोन-तीनच्या सुमाराला सर्वांत जास्त. पाणी जितकं हिरवं, तितका हा चढउतार मोठा.

दुसरं घड्याळ दरवाजांचं. पैठणच्या जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. तिथून खाली ढालेगाव, मुद्गल, दिग्रस, अंतेश्वर असे बंधारे एकामागोमाग एक, मग नांदेडच्या वर विष्णुपुरी. म्हणजे नदी सलग वाहत नाही, एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात सोडली जाते. आवर्तन सुटलं, बंधाऱ्याची दारं काढली किंवा बसवली, काठावरच्या मोटारी चालू झाल्या की पाण्याची पातळी आणि गुण दोन्ही बदलतात. एकदा आम्ही बाटल्या घेऊन काठावर पोचलो तर जाळं आवरत असलेले एक भोईमामा म्हणाले, "गुरुजी, रातच्याला वरून पाणी सोडलंय. आज जे मोजताल ते वरल्या बंधाऱ्याचं पाणी हाय." त्या दिवसापासून वहीत एक रकाना वाढला: 'वरून पाणी सोडलं आहे का? कधी?'

धर्माबाद, उमरी भागातल्या शाळांना तर हा प्रयोग आयताच मिळालेला आहे. बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. वाहती नदी २८ ऑक्टोबरनंतर साठलेली होते. दरवाजे पडण्याआधीचे तीन आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे त्याच जागी, त्याच वेळी मोजलं तर प्रवाह थांबल्यावर नदीत काय बदलतं ते मुलांना स्वतःच्या आकड्यांत दिसेल.

जागा ठरवणं

किमान तीन जागा हव्यात: गावाच्या किंवा शहराच्या वर एक, मोठा नाला मिळतो त्याच्या खाली एक, आणि आणखी दीड-दोन किलोमीटर खाली एक. पहिली जागा नसेल तर बाकीच्या दोन्हींना अर्थ राहत नाही, कारण घाण तुमच्या गावाची की वरून आलेली हे सांगताच येणार नाही. नाल्याच्या अगदी तोंडाशी नमुना घेऊ नका. तिथे नाल्याचंच पाणी असतं आणि नदीत मिसळायला त्याला बरंच अंतर लागतं. दुसऱ्या काठाचं पाणी नितळ आणि या काठाचं काळपट दिसत असेल तर अजून मिसळलेलं नाही असं समजा आणि आणखी खाली जा.

बंधाऱ्याच्या फुगवट्यातली जागा आणि वाहत्या पाण्यातली जागा यांची तुलना टाळा. तिन्ही जागा एकाच प्रकारच्या असाव्यात. तसं जमत नसेल तर प्रत्येक जागेची तुलना फक्त तिच्याशीच करा, मागच्या महिन्याच्या किंवा मागच्या वर्षीच्या नोंदीशी.

पूल असेल तर उत्तम. पुलावरून दोरीला बांधलेली बादली सोडून मधल्या धारेचं पाणी घेता येतं, पाण्यात उतरावं लागत नाही. शिवाय कठड्यावर एक खूण करून तिथून पाण्यापर्यंतचं अंतर वजन बांधलेल्या टेपने दर वेळी मोजलं की पाण्याच्या पातळीची नोंद फुकट मिळते. आमच्या वहीतला हा सर्वांत साधा आकडा आहे आणि बाकीचे आकडे समजून घ्यायला तोच सर्वांत जास्त कामी आला.

सुरक्षितता, आणि इथे कुठलीही सूट नाही

वाळू उपशाने नदीपात्रात खड्डे झालेले असतात. वरून पाणी गुडघाभर दिसतं आणि पुढच्या पावलाला पुरुषभर खोली लागते. मराठवाड्यात दरवर्षी अशा खड्ड्यांत मुलं बुडतात. म्हणून ज्या जागेचा तळ शिक्षकाने स्वतः काठीने तपासलेला नाही तिथे एकाही मुलाने पाय घालायचा नाही. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर काठावरून किंवा पुलावरूनच काम. पोहता येणारी, परिसरातली एक मोठी व्यक्ती बरोबर हवी. दोरी आणि हवा भरलेली ट्यूब काठावर तयार ठेवा.

निघण्याआधी पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयात फोन करून विसर्गाची चौकशी करा. धरणाचा भोंगा वाजला की साहित्य तिथेच सोडून वर यायचं, हे मुलांकडून दोनदा करवून घ्या. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात विजा पडतात, गडगडाट ऐकू आला की त्या दिवसाचं काम संपलं. पायात बूट किंवा पट्ट्याच्या चपला, हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालायचा नाही, आणि डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवायचे. पालकांची लेखी संमती घ्या, मुख्याध्यापकांना जागा आणि वेळ लिहून द्या.

काठावर पोचल्यावर: कामाचा क्रम

पहिली दहा मिनिटं कोणीही पाण्याला हात लावायचा नाही. बघायचं, वास घ्यायचा, लिहायचं. तारीख, वेळ, ढग, वारा, मागच्या तीन दिवसांत पाऊस झाला का, पाण्याचा रंग, फेस, तेलाचा तवंग, जनावरं धुणं, कपडे धुणं, दशक्रियेचे विधी, निर्माल्य, मेलेले मासे. मग ठरलेल्या एकाच जागी उभं राहून एकाच दिशेला एक फोटो. जलपर्णी किती पसरली हे वर्षअखेर याच फोटोंवरून समजेल.

नंतर तापमान, ऑक्सिजन, सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्कधर्मी), विरघळलेले क्षार, गढूळपणा, रासायनिक तपासणी, जंतूंची बाटली, आणि शेवटी पाणकिडे. किडे शोधताना तळ ढवळला जातो, म्हणून ते शेवटी. हा क्रम उलटा झाला तर वरचे सगळे आकडे बिघडतात.

पाण्यात उतरून नमुना घेताना प्रवाहाकडे तोंड करून उभं राहा, म्हणजे तुमच्या पायाने उठलेला गाळ मागे वाहून जातो. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि तोंड खाली धरून वीतभर खोल नेऊन मग वळवून भरा. वरच्या थरातलं पाणी, ज्यावर धूळ आणि तवंग असतो, ते नको.

प्रवाह

ओढ्यासारख्या उथळ पात्रात प्रवाह मोजणं सोपं आहे आणि मुलांना सर्वांत जास्त आवडतं. दहा मीटर सरळ पट्टा आखा, वरून एक मोसंबी किंवा संत्रं सोडा आणि वेळ मोजा. फळ जवळजवळ सगळं पाण्यात बुडून तरंगतं, त्यामुळे वाऱ्याने ढकललं जात नाही. थर्मोकोलचा तुकडा वापरला तर वाऱ्याचा वेग मोजाल. पाच वेळा सोडून मधला आकडा घ्या. तळाशी पाणी हळू वाहतं, म्हणून मिळालेल्या वेगाला ०.८५ ने गुणा.

समजा पात्र ६ मीटर रुंद, सरासरी खोली ०.३ मीटर आणि मोसंबीला दहा मीटर जायला ४० सेकंद लागले. वेग ०.२५, गुणिले ०.८५ म्हणजे साधारण ०.२१ मीटर प्रति सेकंद. ६ × ०.३ × ०.२१ म्हणजे सुमारे ०.३८ घनमीटर, म्हणजेच सेकंदाला ३८० लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, तेव्हा हा ओढा तेरा क्युसेकने वाहतोय. जायकवाडीतून इतके हजार क्युसेक सोडले ही बातमी मुलं दर पावसाळ्यात ऐकतात. स्वतः तेरा क्युसेक मोजल्यावर त्या बातमीतला आकडा त्यांना डोळ्यांसमोर दिसू लागतो.

मोठ्या नदीत हे करू नका. तिथे पुलावरची पातळी पुरे. फळ जागचं हललंच नाही तर 'स्थिर' असं लिहा. तीही महत्त्वाची नोंद आहे.

ऑक्सिजन: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

एकच गोष्ट मोजायची असेल तर विरघळलेला ऑक्सिजन मोजा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गीकरणात अंघोळीच्या पाण्यात तो लिटरला किमान ५ मिलिग्रॅम हवा, मासे आणि वन्यजीवांसाठी किमान ४. पाणी जितकं गरम तितका ऑक्सिजन कमी मावतो: २० अंशांना सुमारे ९.१ आणि ३० अंशांना सुमारे ७.६ मिलिग्रॅम. हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. चारशे मीटर उंचीवर साधारण पाच टक्के वजा करा. म्हणून एप्रिलमध्ये ७ आला तर पाणी जवळपास काठोकाठ भरलेलं आहे, आणि तोच ७ जानेवारीच्या गार पाण्यात आला तर कुठेतरी ऑक्सिजन खर्च होतोय. तापमान न लिहिता लिहिलेला ऑक्सिजनचा आकडा खोडून टाका, असं मी मुलांना सांगतो.

ऑक्सिजन मीटर महाग असतो आणि वारंवार जुळवावा लागतो. शाळेसाठी विंकलरची पद्धत चांगली, आणि बारावीच्या प्रयोगशाळेत यातली बरीच रसायनं असतात. ३०० मिलिलिटरची काचेच्या तिरप्या बुचाची बाटली घ्या. पाणी ओतायचं नाही, ओतताना हवा मिसळते. बाटली पाण्याखाली तिरपी धरून हळूहळू भरा आणि पाण्याखालीच बूच लावा. बादलीतून भरत असाल तर नळी बाटलीच्या तळाशी नेऊन पाणी बराच वेळ ओसंडू द्या. एकही बुडबुडा राहिला तर पुन्हा.

मग काठावरच मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड, प्रत्येकी एक मिलिलिटर, पिपेट पाण्याच्या पृष्ठभागाखाली नेऊन सोडा. बूच लावून बाटली उलटसुलट करा. हा क्षण मुलांना दाखवण्यासारखा आहे: ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका येतो, अजिबात नसेल तर साका पांढराच राहतो. नाल्याच्या पाण्याची बाटली आणि वरच्या डोहाची बाटली शेजारी ठेवली की आकडा काढण्याआधीच वर्ग गप्प होतो.

साका बसल्यावर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं ते फक्त शिक्षकाने, चष्मा आणि हातमोजे घालून. पाणी पिवळं होतं. अशी बाटली अंधारात ठेवून त्याच दिवशी शाळेत आणा. त्यातलं सुमारे २०० मिलिलिटर (नेमकं सांगायचं तर २०१) घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबाथेंबाने सोडा. रंग वाळल्या गवतासारखा फिकट पिवळा झाला की स्टार्च घाला, निळा होईल, आणि निळा जाईपर्यंत मोजा. जितके मिलिलिटर थायोसल्फेट लागलं, तितका लिटरमागे मिलिग्रॅम ऑक्सिजन. दोन बाटल्या करा. दोन्हींत अर्ध्या मिलिग्रॅमपेक्षा जास्त फरक आला तर तिसरी.

उरलेलं रसायन नदीत किंवा काठावर ओतू नका. वेगळ्या कॅनमध्ये भरून प्रयोगशाळेत न्या.

आता वेळ. महिन्याची नोंद एकाच ठरलेल्या वेळी, आम्ही सकाळी साडेसात ठरवली आहे. त्याशिवाय वर्षातून दोनदा, एकदा हिवाळ्यात आणि एकदा उन्हाळ्यात, सूर्योदयाच्या आधी आणि दुपारी दोनला अशा जोडीने मोजा. दुपारी पाण्यात मावतो त्याहूनही जास्त ऑक्सिजन आणि पहाटे चार मिलिग्रॅमच्या खाली असं दिसलं तर त्या पाण्यात खतं किंवा सांडपाणी पोचून शेवाळ माजलेलं आहे. दुपारीच मोजणाऱ्याला अशी नदी निरोगी वाटते.

हीच बाटली आणखी एकदा भरून, काळ्या कागदात गुंडाळून २७ अंशांना तीन दिवस ठेवली आणि मग ऑक्सिजन मोजला, तर घटलेला ऑक्सिजन म्हणजे जैविक ऑक्सिजन मागणी, ज्याला सगळे बीओडी म्हणतात. अंघोळीच्या पाण्यासाठी ती ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी. नाल्याच्या पाण्यात तीन दिवसांत सगळाच ऑक्सिजन संपतो, त्यासाठी नमुना पातळ करावा लागतो. ते काम जवळच्या महाविद्यालयाकडे द्या.

बाकीच्या तपासण्या, थोडक्यात

सामू: आपली नदी काळ्या पाषाणातून आणि काळ्या मातीतून येते, त्यामुळे पाणी बहुधा किंचित अल्कधर्मी, साधारण साडेसात ते साडेआठ. शेवाळ माजलेल्या पाण्यात दुपारी नऊच्या वर गेलं तर घाबरू नका, पट्टी बिघडलेली नाही. मीटर असेल तर दर वेळी ७ आणि १० च्या द्रावणाने जुळवा.

टीडीएस मीटरबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण तो सगळ्यांकडे असतो आणि त्याच्यावर सगळ्यांचा नको तितका विश्वास असतो. तो विरघळलेले क्षार मोजतो. हगवणीचे जंतू, कीटकनाशक, यातलं काहीही त्याला दिसत नाही. पुराचं गढूळ, जंतूंनी भरलेलं पाणी टीडीएसमध्ये उत्तम ठरतं, कारण पावसाने क्षार पातळ झालेले असतात. नदीत त्याचा खरा उपयोग तुलनेचा आहे: नाल्याच्या वर आणि खाली आकड्यात उडी दिसली तर तिथून काहीतरी मिसळतंय. शेतीसाठी पाण्याची वाहकता (क्षारांमुळे पाण्यातून वीज किती सहज जाते ते) २२५० मायक्रोसीमेन्सपेक्षा जास्त नसावी, असं केंद्रीय मंडळाचं वर्गीकरण सांगतं.

गढूळपणासाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळ्या-पांढऱ्या चतकोरांची सेकी तबकडी स्टीलच्या ताटलीतून शाळेतच करता येते. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारा, सावलीच्या बाजूने सोडा, दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, यांची सरासरी घ्या.

नायट्रेट, फॉस्फेट, अमोनिया, क्लोराइड यांच्यासाठी फील्ड टेस्ट किट पुरतं. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे असं किट बहुधा असतं, त्यांना बरोबर घ्या. किटवरची तारीख बघायला विसरू नका. नायट्रेटमध्ये एक सापळा आहे. काही किट 'नायट्रेट' दाखवतात, काही 'नायट्रेट-नायट्रोजन'. दुसरा आकडा ४.४३ ने गुणला की पहिला मिळतो. पिण्याच्या पाण्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची आहे. हे न बघता दोन शाळांनी आकडे शेजारी लावले तर एक नदी चौपट घाण दिसेल.

जंतूंसाठी एचटूएसची बाटली (जंतूंनी सोडलेल्या हायड्रोजन सल्फाइडने काळी पडणारी): खुणेपर्यंत पाणी भरून खोलीच्या उबेत ठेवा, २४ ते ४८ तासांत काळी झाली तर विष्ठेच्या प्रदूषणाची शक्यता. नदीचं पाणी जवळजवळ नेहमीच काळं होतं, म्हणून फक्त हो-नाही न लिहिता किती तासांनी काळी झाली ते लिहा. नंतर त्या बाटलीत ब्लीचिंग पावडर घालून मगच फेका. संख्या हवी असेल तर नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फाच्या डब्यात, शक्यतो सहा तासांत भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पोचवा. ही बाटली विसळायची नाही.

पाणकिडे: नदीची जुनी साक्ष

रसायनांचा आकडा त्या मिनिटाचा असतो. रात्री कोणी काही सोडलं आणि सकाळी ते वाहून गेलं तर बाटलीत काहीच सापडत नाही. दगडाखाली महिनोन्महिने राहणारा किडा मात्र तिथून नाहीसा झालेला असतो. म्हणून हा भाग वगळू नका, कितीही चिखल लागला तरी.

मच्छरदाणीच्या जाळीची चौकट करा. वाहत्या, दगडगोट्यांच्या जागी एकाने ती प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची आणि दुसऱ्याने वरच्या बाजूला तीन मिनिटं पायाने दगड हलवायचे. जाळीतलं सगळं पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात उलटा आणि पाच मिनिटं नुसतं बघा. हळूहळू कचरा चालायला लागतो.

पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसांसारखे कल्ले फडफडणारी, बहुधा तीन शेपट्यांची मेफ्लायची पिल्लं, आणि वाळूच्या कणांचं घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या कॅडिसच्या अळ्या, हे बहुतेक करून ऑक्सिजन भरपूर असल्याचं लक्षण. टाचणीच्या, म्हणजे चतुरासारख्या बारीक किड्याच्या, पिल्लाच्याही शेवटी तीन पानं असतात आणि मुलं हमखास गोंधळतात. टाचणीच्या पोटाला बाजूने कल्ले नसतात, एवढं बघा. टाचणी, चतुर, शिंपले, गोगलगायी मधल्या दर्जाच्या पाण्यातही राहतात. नुसत्या रक्तासारख्या लाल अळ्या आणि चिखलातून वळवळणारे लाल धाग्यासारखे किडे उरले असतील तर त्या जागी ऑक्सिजन फार कमी आहे. त्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा असतो, त्याच्या जोरावर ते तग धरतात.

दोन सावधगिऱ्या. पाण्यावर गरगर फिरणाऱ्या पाणनिवळ्या आणि डासांच्या अळ्या वरची हवा घेतात, म्हणून पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल त्या काही सांगत नाहीत. आणि परदेशी तक्ते जसेच्या तसे वापरू नका. थंड डोंगरी ओढ्यांसाठी केलेल्या तक्त्यात स्टोनफ्लायला सर्वांत जास्त गुण असतात, आपल्या गरम, सपाट नदीत ती सहसा सापडणार नाही आणि नदी उगाच नापास होईल. गोगलगाय उजवीकडे उघडते की डावीकडे यावरून ठरवा असंही त्यांत असतं. आपल्याकडे उजवीकडे उघडणाऱ्या, पण हवेवर श्वास घेणाऱ्या गोगलगायी भरपूर आहेत. त्यापेक्षा तोंडाला झाकण आहे का ते बघा. झाकणवाल्या साधारणपणे कल्ल्यांनी श्वास घेतात. केंद्रीय मंडळाची भारतीय नद्यांसाठीची, किड्यांच्या कुळांना एक ते दहा गुण देणारी पद्धत आहे, महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाकडून ती शिकून घ्या. मोजून झालं की सगळे जीव त्याच जागी परत सोडा.

पक्षी, वनस्पती आणि भोईमामा

पक्षी वीस मिनिटं, एकाच जागी बसून. खंड्या, पाणकावळा, ढोकरी, शेकाट्या, टिटवी, धोबी, नदी सुरय, हिवाळ्यात चक्रवाक. शेकाट्यांची गर्दी बघून मुलं खूश होतात, पण शेकाट्या घाण पाण्यातही चरतो. मासे धरणारे किती आणि चिखल उकरणारे किती, अशी वेगळी बेरीज ठेवली की चित्र स्पष्ट होतं. काठावर जलपर्णी, पाणकणीस, बेशरम यांनी किती मीटर व्यापले तेवढं लिहा.

माशांची माहिती जाळ्यातून येते, म्हणून भोईवाड्यात जा. कुठले मासे मिळतात, कुठले दिसेनासे झाले, चिलापी कधीपासून वाढली, हे विचारा. मरळ आणि वाम चांगल्या पाण्याची खूण मानू नका, मरळ वरची हवा घेऊन जगते आणि वामही तशीच चिवट. नावं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, शास्त्रीय नाव नंतर फोटोवरून लावता येईल. भोईमामांच्या तीस वर्षांच्या आठवणीला आपल्या पाच महिन्यांच्या तक्त्याइतकंच मोल आहे, मुलांनी ती तितक्याच काळजीने, तारखेसह नोंदवावी.

कधी जायचं

महिन्यातून एकदा, ठरलेल्या आठवड्यात. त्याशिवाय काही खास दिवस: मृगाचा पहिला मोठा पाऊस ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी, गणेश विसर्जनाच्या आधी आणि नंतर, कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होण्याआधी आणि ऐन हंगामात, पैठणसारख्या ठिकाणी नाथषष्ठीच्या आधी आणि नंतर, आणि मे महिन्यात नदीची फक्त डबकी उरतात तेव्हा. यात्रेच्या आधीची नोंद नसेल तर नंतरच्या नोंदीवरून यात्रेला दोष देऊ नका. पूर असताना जायचं नाही, फक्त पुलावरची पातळी लांबून बघून लिहायची, तीही पूल सुरक्षित असेल तरच.

वही

पेन्सिलने लिहा, पाण्याने शाई पसरते. चुकलं तर रबर नको, एक रेघ मारून शेजारी लिहा. ऑक्सिजन आणि प्रवाह सोडून बाकीची प्रत्येक मोजणी तीनदा आणि सगळे आकडे वहीत, सरासरी घरी जाऊन. दर महिन्याला एक बाटली डिस्टिल्ड वॉटरची, मोजणाऱ्याला न सांगता, बाकीच्यांत मिसळून द्या. तिच्यात नायट्रेट निघालं तर त्या दिवसाचे नायट्रेटचे सगळे आकडे बाद. ही परीक्षा मुलांची नाही, पद्धतीची आहे, हे त्यांना आधी सांगा, नाहीतर पुढच्या वेळी आकडे 'बरोबर' येऊ लागतात.

आलेख काढताना प्रत्येक बिंदूखाली वेळ, पाण्याचं तापमान आणि पुलावरची पातळी लिहा. वेळ वेगळी असेल तर बिंदू रेघेने जोडू नका.

काही गंभीर दिसलं तर

मासे मेलेले दिसले तर त्याच सकाळी लवकरात लवकर ऑक्सिजन, सामू आणि तापमान घ्या, जिथून सुरू होतं तिथपर्यंत वर जाऊन फोटो काढा, दोन लिटर पाणी स्वच्छ बाटलीत बर्फावर ठेवा आणि ग्रामपंचायत किंवा नगरपालिका, तसंच महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जवळचं कार्यालय यांना लेखी कळवा. ते मासे कोणी खाऊ नयेत हे काठावरच सांगा. पत्रात कारखान्याचं किंवा माणसाचं नाव लिहू नका. काय दिसलं, कुठे, किती वाजता, किती आकडा आला, एवढंच. शाळेचे आकडे कायदेशीर पुरावा होत नाहीत, पण अधिकृत नमुना कुठून आणि किती वाजता घ्यायचा हे त्यांवरून ठरू शकतं. नियमित निष्कर्ष ग्रामसभेत मुलांनीच मांडावेत. राष्ट्रीय बाल विज्ञान परिषदेसाठीही असा वर्षभराचा प्रकल्प चांगला बसतो.

जूनमध्ये वही दुसऱ्या हाती देताना

मोजणारी तुकडी दरवर्षी बदलते, आणि हात बदलला की आकडा बदलतो. रंग जुळवताना एकाला फिकट दिसतो, दुसऱ्याला गडद. म्हणून आम्ही मार्च आणि एप्रिलच्या दोन फेऱ्या नववी आणि आठवीच्या मुलांना एकत्र नेऊन करतो. एकाच बादलीतलं पाणी दोन्ही गट एकमेकांचा आकडा न बघता मोजतात आणि दोन्ही आकडे शेजारी लिहितात. फरक जास्त आला तर जुना गट नव्याला बसवून दाखवतो, थायोसल्फेटचा शेवटचा थेंब कसा ओळखायचा, मोसंबी कुठून सोडायची, कठड्यावरची खूण कुठे आहे. मग वहीच्या पहिल्या पानावर नव्या मुलांची नावं चढतात आणि पुलाची किल्ली, म्हणजे वजन बांधलेला तो टेप, त्यांच्या ताब्यात जातो.